गॉथांचा राजा वाचला आणि मी मेलो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझा तोल जातो आणि मी नको ते आणखी सांगून बसतो. तर झालं असं, की इटलीतलं एक अख्खं राज्य मी लंडनच्या हॅरोतल्या आमच्या सोफ्यावर बसून वाचवलं. एकट्यानं! आणि त्याबद्दल आज आमच्या घरात माझी जागा कुठे आहे? किटलीपाशी.

सुरुवात झाली शेजाऱ्यापासून. आमच्या भिंतीला भिंत लागून मिस्टर हॉलिस राहतात. निवृत्त लॅटिन शिक्षक, बायको वारलेली, बागेत काम करतानासुद्धा इस्त्रीचा शर्ट. एका शनिवारी त्यांनी कुंपणावरून मला एक जाडजूड पुस्तक दिलं. त्यांनी स्वतः लिहिलेली आणि पदरमोड करून छापलेली ऐतिहासिक कादंबरी. विषय? इटलीतल्या गॉथ राज्याचा अंत.

गॉथ म्हणजे कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा लाजू नका. रोमचा दरारा ओसरल्यावर उत्तरेकडून आलेल्या या लोकांनी इटलीत राज्य थाटलं, आणि पुढे पूर्वेकडच्या बादशहानं फौज धाडून ते मोडलं. एवढं कळलं की पुरे.

"नो रश," हॉलिस म्हणाले.

आता इंग्रज माणूस 'नो रश' म्हणतो ना, तेव्हा तो दुसऱ्या दिवसापासून वाट बघायला लागतो. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेलो की हे दारात हजर. "एनी थॉट्स?" मी म्हणायचो, "गोइंग स्लोली. व्हेरी रिच!" पुस्तक होतं ऑफिसच्या बॅगेत. मेट्रोपॉलिटन लाइननं रोज जाऊन येऊन करत होतं बिचारं, पण उघडलं मात्र नव्हतं. शेवटी मी अंधार पडल्यावर चोरासारखी बिन ठेवायला लागलो.

अशात नागपूरहून माझ्या सासूबाई आल्या. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, म्हणून मेघनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हट्टानं बोलावून घेतलं. पण हॅरोतला नोव्हेंबर! दुपारी चारला काळोख, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सासूबाई खिडकीशी बसून विचारायच्या, "इथली माणसं कुठं जाऊन राहिली हो?" आठवड्याभरात सुरू झालं, "माझं तिकीट अलीकडचं करून द्या."

मेघना रडकुंडीला आली. "बाबा रोज चहानंतर तिला कादंबरी वाचून दाखवायचे," ती मला म्हणाली. "ती भाजी निवडायची, ते वाचायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला स्वतःला वाचवत नाही. तू वाच ना काहीतरी."

"मी?"

"तूच. नाहीतर ती खरंच परत जाईल. आणि तिथे त्या घरात एकटी काय करेल?"

खरं सांगू? माझाही थोडा स्वार्थ होता. बारा वर्षं मी त्यांचा जावई. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं एकदाच कौतुक केलं होतं, तेही नारळ एका फटक्यात फुटला म्हणून.

पण वाचायचं काय? घरातलं मराठी वाङ्मय म्हणजे एक पाककृतींचं पुस्तक आणि मुखपृष्ठ गेलेला एक दिवाळी अंक. सासूबाईंना तर ऐतिहासिकच लागतं. राजा पाहिजे, फितुरी पाहिजे, लढाई पाहिजे. मग ऑफिसच्या बॅगेतलं हॉलिस काढलं! डोळ्यांनी इंग्रजी बघायचं आणि तोंडानं मराठी सांगायचं.

आणि काय सांगता, गाडी रुळावर आली की हो! गॉथांची राणी होती. तिच्या चुलतभावानं तिला कैद केली आणि हमामखान्यात गळा दाबून मारवली.

"अवो बाप्पा!" सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "सख्ख्या चुलतभावानं? न्हाणीघरात?"

"हो ना आई."

"घरचेच असतात मेले. वाचा पुढं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येऊन बूट काढतोय, तर चहा तयार, मेथी तयार, सासूबाई तयार. अवघड नावांवर त्यांनी तोडगा काढला. गॉथांचा शेवटचा राजा तो 'आपला राजा'. बादशहाचा म्हातारा सेनापती तो 'खडूस'. तिकिटाचा विषय बंद. एकदा तर त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "आमचे जावई काय सुंदर वाचतात वो!" मी पॅसेजमध्ये होतो. काहीतरी विसरल्यासारखं करून परत त्याच पॅसेजमधून गेलो.

असं करत आम्ही शेवटाजवळ आलो. डोंगराचा पायथा. गॉथांचं धान्य संपलेलं. आपला राजा एकटा पुढे उभा, हातात ढाल. खडूसचे सैनिक भाले फेकताहेत, आणि राजा ते ढालीवर झेलतोय. भाले रुतून रुतून ढाल इतकी जड झाली की उचलवेना. राजा जागचा हलला नाही. नुसता ओरडला, "दुसरी ढाल आणा!" ढाल बदलताना क्षणभर त्याची छाती उघडी पडली.

मी पुढची ओळ बघितली आणि माझा आवाजच बसला.

वर पाहिलं. सासूबाईंनी भाजीचं ताट खाली ठेवलं होतं. "ह्याला वाचवा हो," त्या म्हणाल्या. "यंदा मला कोणाचं जाणं नको."

तुम्ही काय केलं असतंत? सांगा ना! मला त्यांच्याकडे बघवेना. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आणि तेवढ्यात… नवी ढाल आली!"

"आली?"

"आली तर! वेळेवर!"

पुढे मीच सुटलो. राजा खडूसवर चालून गेला, खडूस पळाला, बादशहाची जहाजं बुडाली. वादळ मीच आणलं. चांगला अर्धा तास बोललो असेन. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला. उद्या पुढचं वाचा."

उद्या? पुढचं? अहो, पुढचं कुठलं? पुस्तकात राजा मेला होता आणि उरलेले गॉथ मुलंबाळं घेऊन कायमचे इटली सोडून निघाले होते!

पण तोंडाला कौतुकाची चटक लागलेली. दुसऱ्या दिवशी मी राज्याभिषेक केला. तिसऱ्या दिवशी राजाचं लग्न काढलं. त्याची तयारी मी ऑफिसच्या वेळात करायचो. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "एनी ब्लॉकर्स?" म्हणजे काम कुठे अडलंय का. मी म्हणालो, "मुलीचा बाप तयार होत नाहीये." मनातल्या मनात हो! लग्नात पंगती उठवल्या, वरातीत हत्ती आणला. इटलीत हत्ती कुठून आला, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. मी खूश होऊन आत गेलो.

"आज काय विशेष, आई?"

"राज्य वाचलं, राजाचं लग्न झालं, पुरण नको काय? आणि त्या लिहिणाऱ्याला बोलावलं आहे जेवायला. मेघना सांगून आली."

"कोणाला? हॉलिसना?"

"मग! एवढं छान लिहिलं माणसानं. तुम्ही मध्ये बसा, मी बोलीन ते त्यांना सांगा, ते बोलतील ते मला."

म्हणजे दुभाषा कोण? मीच! एवढ्या आशेवर मी तग धरला, की दोन्ही दारांच्या किल्ल्या माझ्याच हातात आहेत.

हॉलिस टाय लावून आले. इतक्या महिन्यांनी कोणीतरी आपलं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, म्हणून चेहरा उजळलेला. पुरणपोळीवर तुपाची धार पडली आणि संवाद सुरू झाला.

"विचारा त्यांना," सासूबाई म्हणाल्या, "राजाच्या लग्नाला हत्ती कुठून आणला?"

मी हॉलिसना म्हणालो, "त्या विचारताहेत, गॉथ लोकांकडे जनावरं कुठली असायची?"

हॉलिस खुलले. घोडे, बैल, डुकरं, सगळं सविस्तर सांगितलं.

"काय म्हणून राहिले?"

"म्हणाले, बादशहानं आहेर पाठवला."

"कोण, ज्याची जहाजं बुडाली तोच?"

मी पोळीचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी खोटं बोलतो.

मग हॉलिस पुढे वाकले. हळूच म्हणाले, "आस्क हर… हाउ डिड शी फाइंड द एंडिंग?"

हे मात्र मी प्रामाणिकपणे विचारलं. "आई, ते विचारताहेत, शेवट कसा वाटला?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हॉलिसकडे वळल्या आणि स्वतःच्या इंग्रजीत, तोंडभर हसून म्हणाल्या, "हॅपी! व्हेरी, व्हेरी हॅपी!"

हॉलिसनी चमचा खाली ठेवला.

"हॅपी?" ते म्हणाले. टायची गाठ उगाच चाचपली. मग ताटाकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, की माझी बायको मार्गारेट गेली त्या हिवाळ्यात मी ते शेवटचं प्रकरण लिहिलं. दुसरं काही करवतच नव्हतं. त्यात कोणाला आनंद वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

मेघना माझ्याकडे बघत होती. पळायला जागा नव्हती. मी आधी इंग्रजीत सगळं ओकलो. ढाल, वादळ, लग्न, हत्ती. हत्तीपाशी हॉलिसची एक भुवई वर गेली आणि वरच राहिली. मग सासूबाईंकडे वळलो. हात जोडले.

"आई, मी खोटं बोललो. आपला राजा ढाल बदलतानाच गेला. राज्यही बुडालं. तुम्हाला सोसवणार नाही म्हणून…"

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"इतके दिवस तुम्ही पानच कुठं उलटलं? एकाच पानावर राज्याभिषेक, त्याच पानावर लग्न! तुमचा आवाज बसला तेव्हाच मी समजले, राजा गेला म्हणून. मला इंग्रजी येत नाही, डोळे आहेत ना जी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या जिवानं सांगून राहिले होते, मी काऊन मोडू? राजा जिता आहे हे ऐकायला बरंही वाटायचं. आत्ता 'व्हेरी हॅपी' म्हटलं तेही तुमची लाज जाऊ नये म्हणून. ती काही राहिली नाही."

मेघनानं हे हॉलिसना इंग्रजीत सांगितलं. दुभाषाच्या पदावरून मी उतरलो होतोच. हॉलिस खो खो हसले, आणि हसता हसता रुमाल शोधू लागले.

सासूबाईंनी पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्ही वाचा," त्या त्यांना मराठीतच म्हणाल्या. मी सवयीनं इंग्रजी करायला तोंड उघडलं, तर मला हातानं गप्प केलं. हॉलिसनी ते प्रकरण वाचलं. संथ, मोठ्या आवाजात. राजा पडला तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते. मराठीचा एक शब्द मध्ये लागला नाही.

जाताना हॉलिस माझा हात हातात घेऊन म्हणाले, "युअर व्हर्जन वॉज… इंटरेस्टिंग." इतकी वर्षं इथे काढल्यावर त्या शब्दाचा अर्थ कळतो हो मला.

सासूबाईंचं तिकीट अलीकडे आलं नाही, उलट पुढे गेलं. हॉलिस आता रोज चार वाजता येतात. पहिल्या पानापासून पुन्हा वाचन चालू आहे, इंग्रजीत. सासूबाई शेंगा सोलतात आणि मान डोलावतात. ज्या दिवशी घरून काम असतं, त्या दिवशी मी चहा करतो.

परवा राहवलं नाही. कप ठेवता ठेवता विचारलं, "आई, तुम्हाला यातलं एक अक्षर तरी कळतं का?"

"नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण ते पान तरी उलटतात!"