दोन पंख्यांची चोरी

ते प्रकरण माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही. दिल्ली पोलिसांत सारी नोकरी गेली. मोटारी, मोबाइल, गटाराची झाकणं, सगळं चोरीला गेलेलं पाहिलं. पण समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरात बोटीचा भाग चोरीला गेल्याची तक्रार एकदाच आली. तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि ठाण्याच्या हद्दीत फार्महाऊसं पुष्कळ होती.

फिर्यादी बांधकाम व्यावसायिक. त्याने हौसेखातर शर्यतीची मोटरबोट घेतली होती. ती यमुनेत घालण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा बोट फार्महाऊसवर ट्रेलरवर उभी असे आणि पाहुणे तिच्यात बसून फोटो काढत. अशा बोटीच्या पाठीमागे, बाहेरच्या बाजूला, स्टर्न ड्राइव्ह नावाचा अवजड भाग असतो. आतल्या इंजिनाची ताकद तो पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवतो आणि बोट वळवतोही तोच. या बोटीचा हेवी-ड्यूटी ड्राइव्ह कोणीतरी काढून नेला होता आणि त्याच्या जागी हलका अडकवून ठेवला होता.

मालकाला यातलं काही कळलं नसतं. कळवलं ते बोटीच्या मेकॅनिकने. हा विदर्भातला माणूस, फार्महाऊसवरच्याच खोलीत राहणारा. चार दिवसांच्या सुट्टीवरून परतला, ताडपत्री उचलली आणि त्याने मालकाला फोन लावला. मालकाने त्यालाच गाडीत घालून ठाण्यात आणलं.

"चाबी इसी के पास रहती है," मालक म्हणाला. "एफआयआर में इसका नाम डालिए।"

मालकाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मेकॅनिक भिंतीकडच्या बाकावर बसला.

मी गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला आणि मेकॅनिकला चौकशीला घेतलं. मराठीत विचारल्यावर गडी मोकळा होईल, असं वाटलं होतं. तो भलताच मोकळा झाला.

"सुट्टीत कुठे होतास?"

"साहेब, ते सांगतो. आधी मला सांगा, एवढ्या इंजिनाला असला ड्राइव्ह कोणी लावतं का? अहो, पहिल्या रेसला गिअरचा भुगा होईल."

"मी सुट्टीचं विचारतोय."

"आपल्या ड्राइव्हला दोन पंखे होते, एकामागे एक, उलटसुलट फिरणारे. याला एकच. आणि बसवला कसा, तर दोन बोल्टांवर. अपमान आहे साहेब हा."

"तुझा?"

"बोटीचा."

त्याच्याकडून एका ओळीचा जबाब घेताना माझा हवालदार घामाघूम झाला. अखेर कळलं की सुट्टीत तो कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्राच्या जुन्या अतिथिगृहात, गावाकडच्या एका अधिकाऱ्याला भेटायला गेला होता. राज्यातल्या एका धरणावर सरकारी बोटी सांभाळायच्या नोकरीसाठी त्याची निवड झाली होती. फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती आणि तो कागद माझ्याच टेबलावर पडला होता.

"गुन्ह्यात नाव आलं तर संपलं ना, साहेब?" बोटीचा विषय सोडून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. "आयुष्यभर उभ्या बोटी पुसल्या. एकदा पाण्यातली चालवायची होती. मी ड्राइव्ह कायले चोरू?"

मला त्याची दया आली, हे कबूल. पण ठाण्यात दयेवर कोणी सुटत नाही. शिवाय हवालदार दारात उभा राहून आमचं मराठी ऐकत होता. "जनाब, आपके गाँव का है क्या?" त्याने सहज विचारलं, आणि हा प्रश्न उद्या मालकही विचारणार, हे मी ओळखलं. त्याला सोडायचं तर पुरावा हवाच होता.

दुसऱ्या दिवशी करोल बागेतून आमच्या खबऱ्याचा फोन आला. मोटारींचे चोरलेले स्टिरिओ हा त्याचा नेहमीचा विषय.

"साहब, गाड़ियों के पार्ट्स वाली एक दुकान में दो पंखों वाली चीज़ पड़ी है। हेलिकॉप्टर की लगती है।"

आम्ही पंचनामा करून ती चीज जप्त केली. जीपमध्ये चढवताना चार शिपायांचे दम निघाले. दुकानदाराचा जबाब सरळ होता: एका सज्जन गृहस्थाने हा मोडका माल देऊन बदल्यात हलका ड्राइव्ह मागवून नेला. नाव माहीत नाही, पण बोलताना "मेरे जीजाजी की बोट" असं दोनदा म्हणाला.

बोटीवरचा हलका ड्राइव्ह आम्ही उतरवून आणला आणि दोन्ही मुद्देमालाच्या खोलीत सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले. जड ड्राइव्हचं आवरण माझ्या मनगटाएवढं जाड, वळवण्याचे दांडे दोन्ही बाजूंना बाहेरून लावलेले. हलक्याचं सगळं निम्म्याने. पण जडाच्या तळाशी माशाच्या परासारखं जे पातं असतं ते मोडलं होतं, आणि मोडलेल्या कडेवर डांबर होतं. डांबरावर पिवळा रंग.

त्या पिवळ्या रंगाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. मग हवालदाराला विचारलं, "दिल्लीत असा पिवळा रंग जमिनीवर कुठे असतो?"

"स्पीड ब्रेकर पे, जनाब।"

मालकाच्या मेव्हण्याला बोलावलं. गाझियाबादचा प्रतिष्ठित व्यापारी, बोलायला अतिशय गोड. बोट फार्महाऊसबाहेर गेलीच नाही, असं त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. माझा अनुभव असा की खरं बोलणारा माणूस एकदाच सांगतो आणि वैतागतो. याच्या मुलाचं लग्न नुकतंच झाल्याचं मालकाच्या बोलण्यात आलं होतं. मी त्याला सहज विचारलं, "बेटे की शादी कैसी रही?"

तो खुलला. फोन काढून ड्रोनने टिपलेली वरात दाखवू लागला. पुढे बँड, मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला ट्रेलर आणि ट्रेलरवरच्या बोटीत फेटा बांधलेला नवरदेव. बोटीच्या मागचा ड्राइव्ह वर उचललेला होता. एवढ्यात मेव्हणा स्वतः बोटीत चढताना दिसला, त्याने एक बटण दाबलं आणि दोन्ही पंखे ऐटीत खाली आले. समोर कॉलनीचा स्पीड ब्रेकर होता. नवरदेव फेट्यासकट आडवा झाला.

व्हिडिओ चालूच राहिला. मेव्हण्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"पंखे ऊपर थे तो बिच्छू जैसी लग रही थी," तो म्हणाला. "लड़की वालों के सामने अच्छा नहीं लगता, साहब।"

जीजाजी तेव्हा परदेशी गेले होते; बहिणीकडून दुसरी किल्ली मागून बोट नेली होती. जीजाजींना कळू नये म्हणून दुसरा ड्राइव्ह अडकवून दिला. बोट कधी पाण्यात जाणारच नाही, तेव्हा हलका काय आणि जड काय! त्याचा हिशेब तसा बरोबर होता. रोज ताडपत्री उचलून बघणारा एक माणूस तिथे आहे, एवढंच त्याने धरलं नव्हतं.

किल्ली खुद्द पत्नीने दिल्याचं ऐकून मालकाने घरचं भांडण घरीच मिटवायचं ठरवलं. गैरसमजातून तक्रार झाल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला. मी पडताळणीच्या कागदावर सही केली आणि मेकॅनिकला बोलावलं. कागद घेऊन तो निघाला, दारातून परत फिरला.

"साहेब, तुमच्या जीपचा सायलेन्सर खाली लोंबतोय. स्पीड ब्रेकर पाहून चालवा."

या प्रकरणात चार माणसांनी मला हकिगत सांगितली. त्यांतल्या फक्त एकाने, नुकसान होण्याची भीती असूनही, आपणहून खरं सांगितलं. त्याला गप्प बसून नोकरीवर निघून जाता आलं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता. तरी तो बोलला, आणि आम्ही त्यालाच बाकावर बसवलं. उरलेल्या वर्षात माझ्या ठाण्यात एक नियम होता: खबर घेऊन येईल त्याला आधी खुर्ची. पुढच्याच आठवड्यात ती एका माळ्याला मिळाली, आणि गवत कापायच्या यंत्राच्या चोरीबद्दल बोलायला आलेले त्याचे मालक बाकावर बसले.