विलासने रंगवलेला वाघ

सांगलीच्या मैदानावर फुटबॉलची फायनल होती. आम्ही हरलो. दगड आले. झेंडा गेला.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आमच्याकडे झेंडा म्हणजे काय, कसं सांगू? मॅच पुढच्या वर्षी जिंकता येते. पण झेंडा दुसऱ्या पेठेच्या हाती लागला, की तो त्यांच्या चौकात जळतो, व्हिडिओ फिरतो, आणि आपली माणसं मान खाली घालून चालतात. आमच्या झेंड्यावर वाघ होता. तो विलासने काढलेला. विलास दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तीन दिवस काम बुडवून त्याने वाघ रंगवला. तो पेठेतला नव्हता — ओढ्यापलीकडे, बुद्धविहाराजवळ राहायचा. गोल झाला की सगळे त्याच्या गळ्यात पडत. एरवी? एरवी त्याच्या घरी मी एकटाच जायचो.

मी कधी खेळलो नाही. पुस्तकं वाचतो म्हणून ‘मास्तर’. घोषणा लिहायचो, व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायचो. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे — थांबा, क्रमाने सांगतो.

संध्याकाळी तालमीत, म्हणजे आमच्या पेठेच्या मंडळात, दादांनी विचारलं, “झेंडा शेवटाला कुणाकडं हुता?” दादा म्हणजे आमचे नगरसेवक, ट्रक त्यांचे, टी-शर्ट त्यांचे.

“विलासकडं,” मी म्हणालो.

विलास हसला. त्याला चेष्टा वाटली. “मास्तर, सांग की गड्या खरं.”

मी चपलांकडे बघत राहिलो.

“पेठंतला असता तर मेला असता, पर सोडला नसता,” मागून कुणीतरी म्हणालं.

स्वतः रंगवलेला वाघ माणूस असा टाकेल का? — हे कुणीच विचारलं नाही.

दगड आले तेव्हा झेंडा माझ्याकडे होता. काठी गेटच्या जाळीत अडकली. “धरून ऱ्हा, आलो!” म्हणत विलास गर्दीतून माझ्याकडे येत होता. मी काठी सोडली आणि पळालो. आणि दादांनी त्याला ग्रुपमधून काढायला सांगितलं, तेव्हा काढलंही मीच — ॲडमिन होतो ना.

तो शिरवळला कंपनीत लागला. पुन्हा मॅचला आला नाही. गेल्या महिन्यात हायवेवर अपघातात गेला. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो. त्याच्या आईने मला ओळखलं. “मास्तर, पेठंतलं तुमीच तेवढं आलासा.”

तिलाही सांगितलं नाही.

ग्रुप चालू आहे. ॲडमिन मीच आहे.