दोनदा रंगवलेली भिंत

माझा मेव्हणा रंगारी आहे. पुट्टी घासून झाली की दिवा भिंतीला आडवा धरतो, आणि त्या उजेडात एवढासा जरी उंचवटा दिसला तरी पुन्हा घासायला बसतो. तीस वर्षांत त्याच्या कामात कुणी खोट काढलेली मी ऐकली नाही. माझ्या कामात मात्र तो सढळ हाताने काढतो.

माझ्या सासूबाई, म्हणजे त्याच्या आई, सिनेमाच्या भलत्याच शौकीन. सिनेमा पाहून आल्या की सगळ्या गल्लीला हातवारे करून गोष्ट सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं त्याचा चेहराच गायब. जुन्या टीव्हीला नाक लावून बसत आणि माझ्या बायकोला विचारत, "आता कोण बोलतंय गं?" पुढे पुढे विचारायच्याही बंद झाल्या. सिनेमा लागला की "तुम्ही बघा" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसत. मला ते बघवत नसे.

डॉक्टर म्हणाले, नजर सुधारायची नाही, पण चित्र जितकं मोठं तितकं त्यांना दिसेल. झालं, घरात दोन पक्ष पडले. मी टीव्हीवाला, मेव्हणा प्रोजेक्टरवाला. आठवडाभर दुकानं पालथी घालून सगळी माहिती काढली होती. सासूबाई आठला झोपणार, म्हणजे सिनेमा दुपारीच, आणि भर दुपारी प्रोजेक्टरवर काय दिसणार, कपाळ?

"जावईबापू, तुमचा टीव्ही केवढा? तीन हात," मेव्हणा म्हणाला. "माझी भिंत सात हात. विषय संपला."

"आणि उजेडाचं काय, दादा?"

"उजेडाचं मी बघतो."

प्रोजेक्टर आला. मेव्हण्याने बाहेरच्या खोलीची भिंत त्याच्याकडच्या सगळ्यात भारी, चकचकीत रंगाने रंगवली. आईसाठी हात आखडता घ्यायचा नाही, हे त्याचं म्हणणं. शनिवारी दुपारी, काम करताना फरशीवर अंथरतो त्या रंगाने डागाळलेल्या जाड चादरी त्याने खिडक्यांवर ठोकल्या. मिट्ट अंधार झाला. मशीन सुरू केलं, आणि भिंतीच्या बरोबर मध्ये पांढरा गोळा पेटला. चकचकीत रंग सगळा उजेड आमच्याच डोळ्यांत परत फेकत होता.

"अगं बाई, हे काय लावलंस?" सासूबाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. पण सासूबाई भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि माझा आनंद जागच्या जागी विरला.

मेव्हणा भिंतीवर तळवा ठेवून उभा होता. "गिऱ्हाइकाला भिंतीत तोंड दिसायला हवं असतं. हाताला तीच सवय. चुकलो." हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"मग टीव्ही आणू?" मी हळूच विचारलं.

"पुढच्या शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवा, जावईबापू."

रोज काम उरकून आला की तो ती भिंत घासायचा. सगळी चकाकी खरवडून काढली आणि वर फिकट करडा, खडूसारखा निस्तेज रंग दिला. असला रंग कुठलंही गिऱ्हाईक फुकट घेणार नाही.

"दादा, कळा गेली रे भिंतीची," माझी बायको हळहळली.

"जाऊ दे. भिंतीकडे कोण बघणार आहे?"

दुसरा शनिवार. पुन्हा चादरी, पुन्हा अंधार. सासूबाईंना पाठ असलेला एक जुना सिनेमा लावला. नायिकेचा चेहरा जमिनीपासून छतापर्यंत आला, एकेक डोळा परातीएवढा. गोळा नाही, चमक नाही. आम्ही सिनेमा सोडून सासूबाईंकडे बघत होतो. त्या मान जरा कलती करून कडेच्या नजरेने बघत होत्या.

"रडायला आलंय तिला," त्या एकदम म्हणाल्या. "खालची पापणी बघा, भरलीये."

आणि खरंच, थेंब गालावर उतरला. माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला. मीही रडलो, सांगायला लाज कसली? सासूबाईंना मात्र रडायला सवड नव्हती. "आता बघा हं, तो दार उघडणार!" असं करत त्यांनी पुढची सगळी गोष्ट आधीच फोडायला सुरुवात केली. गप्प बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

मग पांढऱ्याशुभ्र आभाळाचा देखावा आला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, वर डाव्या कोपऱ्यात एक पट्टा चमकतोय. घासायचा राहिला का रे?"

आम्ही पाहिलं. बोटभर रुंदीचा, जुन्या चकाकीचा पट्टा. आमच्या धडधाकट डोळ्यांपैकी एकालाही तो दिसला नव्हता. तीस वर्षांतली पहिली खोट. मेव्हणा भडकणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली.

तो स्टुलावर चढला, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि वळून हसत सुटला. "राहिला! आई, राहिला गं! दिसला तुला!" अंगावर सगळं आभाळ घेऊन तो स्टुलावर नाचत होता. तेवढ्यात देखावा बदलला आणि नायिका परत आली.

"नाचतोस काय? उतर खाली," सासूबाई ओरडल्या. "तिचं तोंड झाकलंस."