पिशवीतली गर्दी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी जन्मभर तोंडावर खोटारड्या म्हणत आले. नवरा गेला तेव्हा पिंडाला कावळा शिवेना, सगळे ताटकळले. मीच म्हटलं, कावळ्याचं पोट भरलं असेल, चला घरी. अशी मी. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पनवेलला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक रक्तपेढी होती, शेजारीच दवाखाना. रक्तपेढीत मी आया होते. राहायला जवळच्या कोन गावात. माझ्या मुलीची मुलगी वंदी, तिला थॅलेसेमिया. अंगात रक्तच नीट बनत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवायचं. खरं तर तिच्यासाठीच मी ती नोकरी धरली.

रक्त चढलं की वंदीला हुडहुडी भरायची. दात वाजायचे, ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, रक्त देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आत जातात, त्यामुळे. मग रक्त गाळायचा फिल्टर आला. पण गाळूनही थोड्या पेशी राहतातच. किती राहिल्या, ते वीणाताई मोजायच्या. त्या आमच्या टेक्निशियन. पिशवीतलं थोडं रक्त घ्यायचं, त्यात रंगाचं औषध घालायचं, रेघा आखलेल्या जाड काचेत भरायचं. सुकू नये म्हणून ओल्या कागदाखाली ठेवायचं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक खण मोजायचा. ती काच धुणं माझं काम. डाग राहिला की ताई ओरडायच्या, "मावशी, तुमचा अंगठा पण मोजू का पेशींत?"

वंदी सहा वर्षांची असताना सुरू झालं. पिशवी लावायच्या आधी तिनं ती मागून घेतली, गालाला लावली आणि म्हणाली, "आजे, मना नको ही. हिच्यात गर्दी हाय."

"बाजार भरलाय काय आत?" मी म्हटलं. पिशवी गाळलेली होती. लावली. अर्ध्या तासात पोर थडथड उडायला लागली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच... "गर्दी हाय." या वेळी वीणाताईंनी आधी मोजलं. पेशी हव्या त्याच्या कितीतरी पट. फिल्टर खराब निघाला होता. ताई हसून म्हणाल्या, "मावशी, नातीला नोकरीला लावा. माझे डोळे तरी वाचतील."

तेव्हापासून वंदीची प्रत्येक पिशवी त्या मोजूनच द्यायच्या. वंदी म्हणायची, "दोगं-तिगंच हायत," की काचेवरही दोन-तीनच सापडायच्या. माझा विश्वास नव्हता. मी दोन पिशव्या, एक गाळलेली नि एक न गाळलेली, टॉवेलात गुंडाळलेल्या, तिच्यापुढे ठेवल्या. कोणती कोणती ते मलाही माहीत नव्हतं, ताईंनी गुंडाळल्या होत्या. तिनं बरोबर सांगितलं. पाच वेळा केलं... पाचही वेळा बरोबर. डॉक्टर म्हणाले योगायोग. मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वंदी नऊ वर्षांची झाली होती. उन्हाळ्यातली दुपार. ताई शेजारच्या खोलीत मोजत होत्या. वंदीनं पिशवीला एक गाल लावला, मग दुसरा लावला.

"काय गो? किती हायत?"

"कोनीच नाय."

तेवढ्यात ताई धावत आल्या. "मावशी, पेढे आणा! एक पेशी नाही सापडली. मी शून्य कधी बघितलं नव्हतं."

मला बरं वाटलं. हुडहुडी नाही, ताप नाही. पण वंदी हात पुढे करेना.

"मना दुसरी दे. गर्दीवाली."

"येडी झालीस? थंडी वाजंल."

"वाजूंदे. कोनीतरी पायजे ना. एकलीच कशी जाऊ?"

"कुठं चाललीस? उद्या शाळा हाय. गप पड."

पिशवी लावली. थंडी वाजली नाही, ताप आला नाही. ती छताकडे बघत होती. पिशवी अर्धी झाली आणि तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप केलं. मला बाजूला केलं, मी भिंतीला टेकून बघत होते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. वर्षानुवर्षं रक्त चढवून लोह हृदयात साठतं, कुठलीही पिशवी असती तरी हेच झालं असतं. मी ते मानते. डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. उरलेलं रक्त ताईंनी त्याच दिवशी तीन वेळा मोजलं. तीनही वेळा शून्य. "असं येऊ शकतं मावशी, येऊ शकतं," म्हणत रडत होत्या. पुढे त्यांची बदली झाली.

बंद पिशवीवर गाल ठेवून त्या पोरीला काय कळायचं? तीस वर्षं झाली. कुणालाही सांगता आलं नाही, मलाही नाही. आत्मा, देव असलं काही मला कुणी कळवू नये.

नातेवाईक म्हणतात, शेवटी तिचा हात तुझ्या हातात होता, एवढं तरी समाधान मान. होता हातात. पण सुई हलू नये म्हणून मी तो दाबून धरला होता.