विभावरीची पेशी पार्किंगमध्ये पळाली

विभावरी बोलायला लागली की आपला चहा आधी संपवून घ्यावा. नंतर ती आपलेच हात ओढून त्यांचे रेणू करते.

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या आमच्या मराठी घोळक्यात तिच्याइतकं बडबडं कुणी नाही. पण ते मराठीत. इंग्रजीतून चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की ती मागच्या रांगेत जाऊन बसायची. यवतमाळच्या एसटी कंडक्टरची ही मुलगी. नागपूरला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पीएचडीला नाव नोंदवलं आणि तेवढ्यात नवऱ्याला, गिरीशला, इथल्या टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली. पीएचडी नागपुरातच राहिली. इथं आल्यावर फार्मसीच्या काउंटरवर उभी राहिली, मग सानिका झाली, सानिका शाळेत जायला लागली, आणि केव्हातरी विभावरी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून चिकटली. काम म्हणजे मोहरीच्या कुळातली बारकी रोपं वाढवायची. त्यातल्या काही रोपांत एक एन्झाइम मुद्दाम कमी केलेलं होतं. ती बिचारी खुजी राहायची, आणि त्यांच्या पानांवर मेणही नीट धरायचं नाही.

"मेण?" मी एकदा विचारलं. मोठी चूक. आम्ही सुपरमार्केटमध्ये होतो. तिनं मला ओढत कोबीसमोर नेलं.

"हे बघ, पानावरून पाणी कसं घरंगळतंय! हे मेण. आणि मेण कशाचं? ॲसिटिल-कोएचं! दोन कार्बनचा एवढुसा तुकडा आणि त्याला धरायला कोएन्झाइम ए नावाची ही भलीमोठी मूठ. झाड याच तुकड्यांतून तेल करतं, मेण करतं, फुलांचे रंगसुद्धा यातूनच निघतात. आणि मजा सांगू? इतका कामाचा रेणू, पण पेशीत जिथं बनतो तिथली भिंत त्याला ओलांडता येत नाही!"

मागं ट्रॉली घेऊन थांबलेले एक आजोबा "यू'र ग्रँड, यू'र ग्रँड", म्हणजे 'चालू द्या तुमचं', म्हणत वळसा घालून गेले.

गेल्या वसंतात युनिव्हर्सिटीचा ओपन डे होता. विभावरीच्या प्रोफेसर फिनूला मुलांसमोर बोलणार होत्या, पण त्या सकाळी त्यांचा घसा साफ बसला. त्या विभावरीच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "तूच बोल."

विभावरीनं मला फोन केला. "ये, आणि हिरवी ओढणी घेऊन ये. आणि मी पळून गेले तर गिरीशला सांभाळ."

मी पोहोचले तेव्हा हॉलमध्ये खुर्च्यांचं एक रिंगण होतं, त्याला एक चिंचोळी फट. ही मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं वीजघर. कोपऱ्यात हिरवी ओढणी पांघरून मी उभी, म्हणजे हरितलवक. बाकी सगळा हॉल म्हणजे पेशी. पहिल्या रांगेत गिरीश, सानिका आणि यवतमाळहून आलेले विभावरीचे बाबा बसले होते. मुलं तर एवढी जमली की काही थेट रिंगणात शिरली, आणि बाहेर दप्तरांचा ढीग लागला.

विभावरी पुढं आली. "हॅलो," म्हणाली. आणि संपलं. ती हातातले कागद उलटसुलट करायला लागली. मुलं खुर्च्यांच्या फटीशी चेंगरली, कुणाचं तरी दप्तर अडकलं, एक मुलगी किंचाळली.

बाबा ताडकन उठले. सगळा जन्म एसटीत गेलेला माणूस. "पुढे सरका, पुढे सरका! दारात काऊन उभे राह्यले बाप्पा?"

एकाही मुलाला मराठी येत नव्हतं. सगळी पुढे सरकली!

विभावरी खो खो हसत सुटली. तिनं दप्तर अडकलेल्या मुलाचा आणि त्याच्या शेजारच्याचा हात धरला आणि इंग्रजीत, आपल्या यवतमाळी हेलात, सुरू झाली. "हाच तो रेणू, ॲसिटिल-कोए! ही दोन मुलं म्हणजे दोन कार्बन. दप्तर म्हणजे कोएन्झाइम ए. दप्तरासकट यांना बाहेर पडता येतं का?"

"नोऽऽऽ!"

"मग झाड काय करतं? दप्तर आत ठेवा. आतल्या या चौघांचे हात धरा. सहा झाले! हे सायट्रेट, लिंबात असतं ते. आता निघा बाहेर, आडवे होऊन!"

सहा मुलं खेकड्यासारखी फटीतून बाहेर आली. तिथं विभावरीनं बाबांना उभं केलं. "हे एन्झाइम. हे कापणार. दोघांना बाहेरच्या ढिगातलं नवं दप्तर मिळणार, म्हणजे पुन्हा ॲसिटिल-कोए! उरलेली चौघं वेश बदलून, म्हणजे दुसरा रेणू होऊन, परत आत."

"म्या फुकटात नाही कापत वं," बाबा म्हणाले.

"बरोबर!" ती ओरडली. "कापायला ऊर्जा लागते, एटीपी! गिरीश, बिस्किटं!"

मग काय विचारता. बाबा एक बिस्किट खायचे, हातानं घाव घालायचे आणि "डबल!" म्हणून, दोन घंट्या दिल्यासारखी, गाडी सोडायचे. सानिका आईकडे धावली. "आई, आजोबा'ज हॅविंग अनदर वन! हिज शुगर!"

"अर्धं अर्धं दे," विभावरी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "हरितलवक बाहेरून काही मागवत नाही. स्वतःचं ॲसिटिल-कोए स्वतः करतं, दोन दोन जोडत साखळी वाढवतं. तेल इथून सुरू होतं." माझ्या ओढणीखाली मुलांची साखळी वाढत गेली आणि मी जवळजवळ फाटले.

"आता एन्झाइम खाली बसणार," विभावरीनं जाहीर केलं. बाबा बसले. सायट्रेटची मुलं बाहेर येऊन ताटकळली. कापायला कुणी नाही, नवी जोडी नाही, मेण नाही. "ही आमची खुजी रोपं. आत सगळं आहे, बाहेर पोचत नाही."

"ब्रिंग हिम बॅक!" मुलांनी जमिनीवर पाय आपटले. "ब्रिंग हिम बॅक!"

बाबा उभे राहिले, टोपी नीट केली आणि हात वर केला. "डबल!"

हॉल दणाणला. जोड्या सुटल्या, दप्तरं टाकत एकमेकींना जोडल्या गेल्या, साखळी लांबत लांबत भिंतीला टेकली. "आता कुठं?" कुणीतरी ओरडलं.

"मेण पानाच्या बाहेर लागतं!" विभावरी म्हणाली. "बाहेर!"

तिनं दार उघडलं आणि सगळं मेण भुरभुरत्या पावसात पार्किंगमध्ये पळालं. मुलं, त्यांचे आईबाप, सिक्युरिटीवाला, गिरीश, ओढणीसकट मी. गाड्यांमधून वळणं घेत आम्ही धावत होतो, बाबा मधोमध "पुढे सरका" म्हणत होते, आणि आता मुलंही तेच ओरडत होती, "फुडे सर्का! फुडे सर्का!" विभावरी सगळ्यांच्या पुढे, केस चिकटलेले, एक बूट हातात.

फिनूला दारात उभ्या राहून आवाज न करता हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. विभावरी धापा टाकत त्यांच्यापाशी थांबली तेव्हा त्या कुजबुजल्या, "तुझी पीएचडी कुठे आहे?"

"नागपुरात."

"इथं कर. त्या खुज्या रोपांवर. ती तुझ्याइतकी कुणाला माहीत आहेत?"

विभावरीनं आधी गिरीशकडे पाहिलं. तो वाकून गुडघे धरून श्वास घेत होता. त्यानं नुसता अंगठा वर केला. मग तिनं फिनूलांना अशी मिठी मारली की त्यांचा कोट भिजला.

सप्टेंबरात ती विद्यार्थिनी झाली. ओळखपत्रावरच्या फोटोत तिचे डोळे मिटलेत आणि तोंड उघडं आहे, हसण्याच्या ऐन मध्यात. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "दुसरा काढू का?"

"नको," विभावरी म्हणाली. "असाच राहू दे."