खिडकीखालची जागा

लालबागच्या आमच्या चाळीत एक खोली गावाची होती. गिरणीत लागलेला आमच्या गावचा कुणीही बाप्या तिथे पथारी टाकायचा. दिवसपाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाले त्याच जागी आडवे व्हायचे. मी शेजारच्या खोलीत सून म्हणून आले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून वीस माणसांच्या भाकऱ्या थापू लागले. कौतुक कुणी केलं नाही. आमटी पाणचट झाली तर मात्र वीसही तोंडं उघडायची.

खोलीत फळीवर गावच्या देवाचा नारळ होता, देवळात गाऱ्हाणं घालून आणलेला. तो आहे म्हणून खोली गावाची, असं माझे सासरे म्हणायचे. खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता.

त्या वर्षी वादळात खाडी गावात शिरली. घरं गेली, तारा तुटल्या, पत्रं बंद झाली. मग बोटीनं माणसंच येऊ लागली. चार कुटुंबं खोलीत घेतली आणि पुरुष गॅलरीत झोपू लागले. खिडकीखाली दोन माणसांपुरती जागा उरली, ती मी सासऱ्यांकडून माझ्या आईसाठी मागून घेतली; माझं माहेरही त्याच गावात. माझा भाऊ तिला घेऊन येईल, याची मला खात्री होती. मी जागा धुतली, गोणपाट अंथरलं. कुणाचं पोर तिथे लोळलं तर मी वसकन अंगावर जायची.

पुढच्या बोटीनं ओढ्यापलीकडच्या वाडीतली एक बाई आली, सोबत तिची पोटुशी सून. मुलगा गावी राहिला होता, वाहून गेलेल्या झोपडीचे वासे शोधत. आदल्या वर्षीच त्या वाडीनं बौद्ध धम्म घेतला होता. दोघी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बाईनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तेवढ्यात सासरे बाहेर आले.

गॅलरीतच बैठक भरली. त्या दोघींच्या देखत, याची आज जास्त लाज वाटते.

"खोलयेत देवाचो नारळ आसा," सासरे म्हणाले. "थंय ह्येंका कशी ठेवतलास?"

गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा एक तरुण होता. आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडून त्याचा घसा बसला होता. तो म्हणाला, "मोर्चात आमी एका रांगेत चलतंव. लाठी पडली तेवा कोणी वाडी इचारल्यान न्हाय." बाकीचे सासऱ्यांकडे बघू लागले. मोर्चा रस्त्यावरचा होता, खोली घरातली होती, एवढाच त्या बघण्याचा अर्थ.

मग सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते सुनेला कशाला विचारतील? पण नारळाचं मला ठाऊक होतं. खोलीला चुना काढला तेव्हा तो नारळ आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर होता. देवाचं काही बिघडलं नव्हतं. "नारळ माझ्याकडे आणून ठेवा" एवढंच म्हणायचं होतं. सासरे वाईट नव्हते. कुणीतरी वाट काढून दिली असती तर त्यांनी ती धरली असती.

पण नारळ हलला असता तर खिडकीखालची जागा त्या दोघींना गेली असती. मी पदराला हात पुसले आणि म्हणाले, "माका काय कळता त्यातला?"

मला सगळं कळत होतं.

बाईनं बोचकं उचललं, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी जिना उतरल्या. वरळीला बीडीडी चाळीत तिचं लांबचं कुणी होतं म्हणे. मी आत जाऊन भाकऱ्या थापल्या. त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.

पाचव्या दिवशी भाऊ आला, एकटा. जिन्यातच रडायला लागला तेव्हा मला समजलं. पाणी चढलं त्या दिवशी तो तालुक्याला अडकला होता. आईला त्याच ओढ्यापलीकडच्या बाईनं पाठुंगळी घेऊन टेकडीवर नेलं. दोन दिवस तिला कुशीत धरून बसली. आईनं शेवटचं पाणी तिच्या हातचं प्यायलं, आणि तिला सांगून गेली, "मुंबयत माज्या चेडवाकडे जा. ता तुका जागा देतला."

मी वरळीला गेले. तीन चाळी विचारत फिरले, चौथीत सापडली. दुसऱ्या मजल्यावर सार्वजनिक नळाजवळ गोधडी लावून आडोसा केला होता, आत सून निजली होती. "काकी," मी हाक मारली. गावात आम्ही तिला नावानंच हाकारायचो, वयानं ती आईएवढी असूनही. तिनं मला बसायला पाट दिला. मला इतकं रडू येत होतं की राग आल्यासारखाच आवाज निघाला.

"त्या दिवशी सांगलंस कित्या नाय?"

"तुज्या भावान सांगलेल्यान, मी येयपर्यंत बोलां नको म्हणान." आत सुनेनं कूस बदलली, तिकडे बघून मग हळू बोलली. "आणि सांगलां असतां, तर जागा गावली असती. पण ती तुज्या आवशीपायी. आमच्यापायी न्हय."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, आता चल, जागा आहे. तिनं नकारार्थी मान हलवली आणि नळाला पाणी आलं म्हणून कळशी घेऊन उठली.

खिडकीखाली मग माझा भाऊ झोपू लागला. मी त्या जागेवर पुन्हा कधी बसले नाही.