नवसाबाईंची नडगी

मखमलाबादच्या मळ्यात जन्म काढलेल्या बाईला ऊन कमी पडलं, असं कुणी म्हटलं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण नवसाबाईंचं तसंच झालं. खुरपणी, तोडणी सगळं भर उन्हात करून झालं. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सुनेने, दीपमालाने, त्यांना हार ओवायला बसवलं. ऊन लागलं की झेंडू मलूल होतो, म्हणून ओवायची खोली अंधारी आणि दाराला ओलं गोणपाट. फुलांची ही बडदास्त, आणि त्यांच्या पंगतीला डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी, दहा वर्षं सावलीत. झेंडू ताजा राहिला. बाईंकडे कुणी पाहिलं नाही.

दिवाळीच्या धांदलीत फुलांच्या क्रेटची तुटकी कड नडगीला लागली. बोटभर ओरखडा. असले हजार ओरखडे त्यांनी पचवले होते. झेंडूचा पाला ठेचला, हळद घातली, वर चिंधी बांधली. माळ्याच्या घरी याहून मोठा दवाखाना नसतो. आठ दिवसांत भरेल म्हणाल्या. संक्रांत आली तरी जखम तशीच, कडा पांढुरक्या आणि मधे ओली.

तेव्हा मात्र त्या घाबरल्या. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, खंडेरावांच्या पायाच्या अंगठ्याला काटा लागला. त्यांना साखरेचा आजार. जखम भरलीच नाही, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापला. त्यानंतर ते चार महिने जगले.

आता नवसाबाई सकाळी डोळे उघडले की आधी पायाची बोटं हलवून बघत. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे करवत, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग पाला दिवसातून दोनदा लावायचा, लुगडं घोट्यापर्यंत ओढायचं आणि लंगडताना गुडघ्यावर ढकलायचं. शहाणी बाई एकदा भ्याली की तिच्यासारखं वेडं कुणी नसतं!

शेवटी वासाने घात केला. दीपमाला शेजारी ओवायला बसली आणि इतक्या झेंडूतही तिच्या नाकाला तो कळला.

"आई, लुगडं वर घ्या."

"नाय घेत."

"आई!"

"माझा पाय कापतील गं ते," म्हणत नवसाबाई लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.

पंचवटीतल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले.

"साखर नाही, आजी," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "पायाला रक्तही नीट पोचतंय. वयाने कातडी पातळ होते, जखम भरायला वेळ लागतो. त्यात तुमचं व्हिटॅमिन डी फारच कमी आहे, त्यानेही ती रेंगाळली असेल. औषध देते, रोज थोडं उन्हात बसा. पाय कुठे जात नाही. फक्त तो पाला बंद करा."

"पाला?"

"ओला पाला घाण धरून ठेवतो. त्यानेच चिघळत होती."

दीपमालाने सुटकेचा श्वास टाकला. नवसाबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

रिक्षात सून सांगत होती, उद्यापासून ओट्यावर उन्हात बसायचं, हार मी बघते. मखमलाबाद नाक्याच्या पुढे नवसाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"दीपा, मालकांच्या अंगठ्याला तीन महिने मीच पाला लावत व्हते. ते दवाखान्यात चला म्हनायचे. मीच जाऊ नाय दिलं."